घासणीचा धोंडा

शाहूवाडीच्या डोंगरात, सड्याच्या म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठाराच्या एका टोकाला सात घरांचा धनगरवाडा आहे. तिथं अंबूबाई झोरे राहते, आणि जगाबद्दल तिचं मत काही बरं नाही. खालच्या गावातली माणसं तिला लबाड वाटतात, मलकापूरच्या बाजारातली चोर वाटतात, आणि कोल्हापुरातनं गाड्या घेऊन येणारी तर निव्वळ खुळी वाटतात. हे मत तिनं कधी झाकून ठेवलं नाही. समोरच्याच्या तोंडावर ती बोलून मोकळी होते आणि समोरचा हसतो, कारण डोंगरातल्या म्हाताऱ्या अशाच बोलत असणार अशी त्याची समजूत असते.

त्या सड्यावर एक धोंडा उभा आहे. दोन पुरुष उंच, वर हे एवढं रुंद डोकं आणि खाली बारीक मान. पाऊसवाऱ्यानं कातून काढलेली दगडी छत्रीच ती. मानेपाशी तो असा काळाभोर गुळगुळीत झालाय की त्यात तोंड दिसावं. वाड्यात त्याला घासणीचा धोंडा म्हणतात. पाण्याला जाता-येता म्हशी तिथं थांबतात, गोचिडांनी खाजणारं अंग त्याला घासतात आणि पुढं जातात. अंबूबाईच्या सासऱ्याच्या म्हशी घासत होत्या, त्याच्या बापाच्याही. दगड गुळगुळीत झाला तो असा.

दोन वर्षांमागं, पावसाळा सरून सडा फुलला होता तेव्हा, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली संयोगिता नावाची बाई नवऱ्याला घेऊन तिथं आली. पांढरे बूट, डोक्यावर टोपी, हातात मोबाईलची काठी. अंबूबाई भोरी म्हशीच्या कासेजवळचे गोचीड काढत बसली होती.

"आज्जी, हा तुमचा देव का हो?" बाईनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता धोंड्यावरनं हात फिरवला. "अय्या, किती गुळगुळीत! शेकडो वर्षं तेल घालत असणार ना?"

भोरीनं त्याच जागी सकाळीच आपलं बूड घासलं होतं. अंबूबाईनं त्या धुतल्या, नखं रंगवलेल्या हाताकडं बघितलं आणि तिला राहवलं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "आमची आई हाय ती."

"मग तुम्ही काय करता इथं? म्हणजे पूजा वगैरे?"

"पाठ घासायची. तीनदा. पायातलं काढून. पाठीचं, कमरंचं समदं दुखनं जातंय."

"काही म्हणायचं का त्या वेळी?"

"काय बी म्हनायचं न्हाय. तोंड मिटून घासायचं."

बाईनं बूट काढले, नवऱ्याला मोबाईल धरायला सांगितला आणि धोंड्याला पाठ लावून वरखाली घासू लागली. मग नवरा घासला. तो अंगानं चांगला भरलेला होता, त्यामुळं बराच वेळ घासला. अंबूबाईनं भोरीच्या कुशीत तोंड खुपसलं आणि पोट दुखेपर्यंत हसून घेतलं.

संध्याकाळी वाडाभर हसणं झालं. तिचा मुलगा धाकलू तर हसून हसून ठसका लागेपर्यंत हसला. हसली नाही ती फक्त सून. तेजस्वी तेव्हा नवीनच नांदायला आली होती.

"आत्ती, ही मानसं परत येत्यात बगा," ती म्हणाली.

"येऊ देत की. खाज आसंल तर येतील."

खरा देव कुठं आहे ते वाड्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं आणि सांगायचंही नव्हतं. म्हणून त्या खोट्या बोलण्याचं कुणाला काही वाटलं नाही. उलट म्हातारीनं बरी जिरवली असंच सगळ्यांना वाटलं.

संयोगिताबाईनं तो व्हिडिओ कुठं कुठं टाकला. पाठीला लगेच ऊब जाणवली म्हणे. पुढच्या रविवारी गाड्या आल्या, दिवाळीत तर रांग लागली. कमरा धरून माणसं चढत, पाठ घासत आणि बरं वाटलं म्हणत उतरत. काहींच्या पाठीवर गोचिडांनी लाल गांधी उठत. ती आईची खूण, असं खाली गावात कुणीतरी ठरवून टाकलं. गांधी उठल्या नाहीत तर माणसं नाराज होऊ लागली आणि पुन्हा येऊन घासू लागली. अंबूबाई हे सगळं म्हशींमागनं बघत होती. माणसाला म्हशीएवढी अक्कल असती तर त्यानं खाजेपुरतं घासलं असतं, असं ती धाकलूला म्हणाली.

मग उदयसिंह आला. तो खालच्या गावातला. खडीचा धंदा, दोन जेसीबी आणि उन्हाळ्यातही न चुरगळणारा पांढरा शर्ट. सडा म्हणजे गायरान, गायरान म्हणजे गावाचं, आणि गाव म्हणजे मी, अशी त्याची सोपी समजूत. त्यानं धोंड्याला शेंदूर फासला, पितळेचे डोळे बसवले, मानेभोवती हिरवं लुगडं गुंडाळलं. पत्र्याची शेड आली, भोंगा आला, कमिटी आली. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, श्री छत्राई देवी, प्राचीन जागृत देवस्थान. अंबूबाईला वाचता येत नाही. तेजस्वीनं वाचून दाखवलं तेव्हा ती पचकन थुंकली.

इथवर गंमत होती. यंदा माघात कमिटीनं जाळीचं कुंपण घातलं आणि गंमत संपली.

धोंडा जिथं उभा आहे तिथं सडा चिंचोळा होतो. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला कारवीचं रान आणि दरडी. मधली वाट तेवढी म्हशीची. त्या वाटेपलीकडं डबरं आहे, आणि उन्हाळ्यात सबंध सड्यावर पाणी राहतं ते त्या डबऱ्यात. कुंपण कड्यापासून कारवीपर्यंत गेलं. मधी लोखंडी गेट. माणसाला आत सोडायचं, जनावराला नाही.

अंबूबाईच्या दावणीला नऊ म्हशी. बाकीच्या सहा घरांनी चैत्र लागताच आपली जनावरं खाली धरणाच्या कडेला पाव्हण्यांकडं नेऊन बांधली. अंबूबाईनं नेली नाहीत. आपल्या पाण्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहणं तिच्या रक्तात नव्हतं. मग म्हशी पाण्याला जाईनात तर पाणी म्हशींकडं आणायचं आलं. धाकलू कावडीला कॅन बांधून, तेजस्वी हंड्यावर हंडा घेऊन, अंबूबाई कमरेवर कळशी घेऊन. म्हैस एका दमात दोन हंडे ओढते आणि अजून आणा म्हणून बघत राहते.

हंड्यांचं ओझं एक वेळ सोसलं असतं. पण गेटातनं जायचं तर पायातलं काढावं लागे. ते देवीचं आवार. भक्त सकाळच्या गारव्यात येऊन पाठ घासून जात, त्यांना काय होतंय. ही तिघं दुपारच्या उन्हात, जांभ्या दगडाच्या तव्यावरनं, पाण्याचं ओझं घेऊन अनवाणी चालत. पळता येत नसे, पाणी सांडे. गेटावरचा पोऱ्या खुर्चीत बसून सांगे, "मावशी, चपला हितं न्हाय, थितं." तेजस्वीच्या तळपायाला फोड आले, फुटले, पुन्हा आले. रात्री ती पायाला लोणी चोळत बसे आणि अंबूबाई तिकडं पाठ करून झोपे.

एका रात्री तेजस्वी बोललीच. "आत्ती, उचगावात माझा भाऊ हाय. ह्यास्नी कंपनीत लावतो म्हनतोय. थितं दारात नळ हाय."

"नळाला म्हसरं बांधनार हाईस व्हय?"

"म्हशी इकायच्या."

अंबूबाई उठून बसली. "आगं, काय बोलतीस ते कळतंय का? म्हस इकून त्या पत्र्याच्या खोलीत बसायचं, आन पाकिटातलं दूध आनून चा करायचा? ह्या घरात म्हस हाय तवर कोन कुटं जात न्हाय."

"म्हस जगली तर हाय की," तेजस्वी हळू आवाजात म्हणाली.

धाकलू छपराकडं बघत पडला होता. दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचं आणि एकाही बाजूला पडायचं नाही, ही त्याची जन्माची रीत. अंबूबाईला त्याचाही राग आला. पण सुनेचं म्हणणं खोटं नव्हतं, हे तिला कळत होतं आणि त्यानं ती जास्तच चिडली. म्हशी पाण्यावाचून गेल्या तर घर खाली उतरणार, आणि एकदा उतरलेलं घर परत वर येत नाही. असे चार वाडे तिनं ओस पडलेले बघितले होते.

दुसऱ्या दिवशी ती उदयसिंहाकडं गेली. तो शेडमध्ये खुर्ची टाकून बसला होता. त्यानं तिला बाहेर उभं केलं, पुण्याच्या पाव्हण्यांना नारळ दिला, फोन घेतला, दुसरा फोन घेतला, मग वळला.

"बोला आज्जी."

"म्हसरं पान्याला सोडा. एवडंच हाय."

"आज्जी, तुमी तर मूळच्या सेवेकरी. तुमालाच कळाया पायजे. आईच्या दारात म्हस शेन टाकनार, मुतनार. लोकं लांबनं येत्यात. बरं दिसतंय काय ते?"

"तिच्या दारात म्हशी हुत्या म्हनूनच ती गुळगुळीत..." अंबूबाईनं पुढचा शब्द गिळला. पुढचं बोललं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग तुमचा खरा देव कुठाय? आणि ह्या माणसाच्या दोन जेसीबी होत्या.

"काय म्हनला?"

"काय न्हाय."

"तीर्थ घ्या आन जावा." त्यानं पळीभर पाणी तिच्या ओंजळीत घातलं. डबऱ्यातलंच पाणी ते. तिनं ते त्याच्यासमोर पिऊन टाकलं, कारण तहान लागली होती.

त्याच आठवड्यात भोरी व्याली. नव्या वेताचं पहिलं लोणी देवाला न्यायचं असतं. अंबूबाई तेजस्वीला घेऊन पहाटे निघाली. कारवीच्या आडोशानं कड्याच्या काठावर यायचं, पालथं होऊन पाय खाली सोडायचे, मग शेळीला पुरेल एवढी वाट कड्याच्या पोटातनं जाते. वळण घेतलं की देव एकदम समोर येतो. दोन उभे कातळ, दोन बाप्ये डोक्याला डोकं लावून उभे असावेत तसे, आणि त्यांच्या डोक्यांमध्ये अडकलेला तिसरा, घराएवढा. खाली काही नाही, थेट कोकण दिसतं. वारा त्या फटीतनं घुमत असतो. वरनं बघाल तर काहीच दिसत नाही, खालनं बघाल तर नुसता कडा.

अंबूबाईनं कातळाला लोणी लावलं. "भोरी व्याली. रेडी झाली," एवढं ती म्हणाली आणि मागं सरली.

"आनि काय मागायचं न्हाय?" तेजस्वीनं विचारलं.

"ह्याला मागायचं नसतंय. म्हशीचं नाव सांगायचं, लोनी लावायचं आन जायाचं."

"मग मागायचं कुनाला?"

"मागायचंच कशाला?" अंबूबाई खेकसली. तेजस्वी त्या अडकलेल्या कातळाकडं बराच वेळ बघत उभी राहिली, मग पदर खोचून वाटेला लागली.

वैशाखाच्या पुनवेला कमिटीनं छत्राईची यात्रा ठरवली. कधी नव्हती ती यात्रा. त्या दिवशी गेटातनं हंडाही नेऊ देईनात, गर्दीत पाणी सांडतं म्हणून. दुपारपर्यंत म्हशींनी जिभा बाहेर काढल्या. भोरीची कास आटून पडली, रेडी लुचून लुचून ओरडू लागली. अंबूबाईनं ते बघितलं, दावणीवरच्या सगळ्या गाठी सोडल्या, काठी उचलली आणि नऊच्या नऊ म्हशी यात्रेवर घातल्या.

माणसं बाजूला पळाली. पोऱ्यानं गेट लावून घेतलं. अंबूबाई गेटापुढं उभी राहिली. धापेनं ऊर हलत होतं, केस सुटले होते, उन्हानं डोळे लाल झाले होते. भोंगा मध्येच थांबला.

"आरं खुळ्यांनू!" ती ओरडली. "कुनाला पाया पडताय? ही आई न्हवं का बाई न्हवं! ह्या धोंड्याला माझ्या म्हशी बुडं घासत्यात! त्या म्हशींच्या बुडाला तुमी पाठी घासताय दोन वरीस! मी सांगिटलं त्या पेठंतल्या बाईला, खोटं सांगिटलं! तुमच्या पाठीवर उठतंय ते गोचीड हायत, गोचीड! सोडा माझी म्हसरं!"

उदयसिंह शेडच्या खांबाला धरून उभा होता. त्याला सगळं कळलं. तिनं ते त्याच्या तोंडावर स्वच्छ बघितलं. म्हातारी बोलतेय ते अक्षर न् अक्षर खरं आहे, हे तिथल्या एवढ्या माणसांत त्या एकट्याला कळलं. आणि ते कळल्यावर तो सगळ्यांच्या आधी तिच्या पायांशी आडवा झाला.

"आई आली!" तो जमिनीवरनं ओरडला. "आईचा वारा आला! चुकलं आई, तुझी म्हसरं आडवली, चुकलं!"

मग काय विचारता. बायका किंचाळल्या, पुरुष आडवे झाले. कुणी तिच्या पायांवर पाणी ओतलं, कुणी कपाळाला मूठभर कुंकू चोपडलं, ते तिच्या डोळ्यांत गेलं. ती काठी उगारत, "आरं सोडा, खरं सांगतोय मी," म्हणत होती, आणि जितकी ती ओरडे तितकी माणसं जास्त वाकत. गेट सताड उघडलं. म्हशी वास लागल्यासारख्या पाण्याकडं धावल्या. भोरी तेवढी सवयीनं थांबली आणि हिरव्या लुगड्यावर बूड घासू लागली, तसा सड्यावर चांगभलंचा एकच गजर झाला.

दिवस मावळताना उदयसिंह वाड्यावर आला. एकटाच, आणि पहिल्यांदाच. घोंगडीवर बसला.

"आज्जी, आपलं दोगांचं आपल्यात. दर मंगळवारी धोंड्यापाशी येऊन बसायचं. कोन इचारंल त्येला चार शब्द सांगायचं. म्हशी रोज जातील, कोन आडवनार न्हाय."

"आन न्हाय बसलो तर?"

"गेट हाय की." तो हसला नाही, धमकी दिल्यासारखाही बोलला नाही. बाजारातला भाव सांगावा तसा बोलला.

अंबूबाईला त्या माणसाची पहिल्यांदाच थोडी पारख झाली. हा खुळा नव्हता. ती पुढच्याच मंगळवारी जाऊन बसली.

तिला बसवलं चौरंगावर, अंगावर हिरवं लुगडं, गळ्यात झेंडूची माळ. मनातली चीड मात्र तिनं लपवली नाही. काय बोलायचं हे कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून ती नेहमीसारखंच बोलली.

"आई, पोराचं लगीन ठरंना."

"काय करतंय पोरगं?"

"मोबाईल बघतंय दिवसभर."

"मग लाव मोबाईलसंगं."

बाईनं हात जोडले, मागच्या बाईला म्हणाली, अर्थ मोठा आहे ह्यात. एका गृहस्थाला तिनं तोंडावर खुळा म्हटलं, तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माणसं शिव्या खायला आसुसलेली असतात हे तिला माहीत नव्हतं. रांग दर मंगळवारी वाढत गेली. म्हशी पाणी पिऊन तुकतुकीत झाल्या, भोरी पुन्हा भरून दूध देऊ लागली, आणि अंबूबाई संध्याकाळी कुंकू धुताना स्वतःच्या तोंडाकडंही बघेनाशी झाली. पण घर डोंगरावर टिकलं होतं. त्यापुढं बाकी सगळं तिनं सोसायचं ठरवलं.

जेठातल्या एका मंगळवारी आभाळ भरून आलं होतं, तरी रांग होती. समोरची बाई उठली आणि तिच्या जागी तेजस्वी येऊन बसली. ठेवणीतली साडी, हातात नारळ. मागं धाकलू उभा होता, हात जोडून, डोळे मिटून. दोन वर्षांमागं ठसका लागेपर्यंत हसलेला हा पोरगा खरोखर डोळे मिटून उभा होता.

"आई," तेजस्वी मोठ्यानं म्हणाली, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. "माझी सासू लई करारी हाय. तिच्याम्होरं बोलायची सोय न्हाय. तू तिला सांग, आमा दोगास्नी उचगावला जाऊ दे."

गावातली होती त्यांना ही कुणाची सून ते माहीत होतं, ती एकमेकांकडं बघू लागली. उदयसिंह शेडमधून दोन पावलं पुढं आला. "आई, कौल द्या," तो म्हणाला.

नाही म्हटलं, तर बोलली ती देवी नव्हे, सासू, हे भर रांगेत उघडं पडणार. मग गेट बंद. हो म्हटलं, तर पाणी राहणार, म्हशी राहणार, आणि त्यांच्यामागं उरणार एक म्हातारी. पोरीनं सगळं मोजूनमापून केलं होतं. अंबूबाईनं तिच्याकडं बघितलं. तेजस्वीनं मान खाली घातली नाही. एवढ्या हात जोडलेल्या माणसांत, पोटच्या पोरासकट, चौरंगावर बसलेल्या अंबूबाईवर विश्वास नसलेली ही एकच होती. उदयसिंहाला धरलं तर दोघं. पण त्याला अंबूबाई काय आहे ह्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, आणि हिला ती आरपार ठाऊक होती. किती वर्षांत अंबूबाईला कुणा माणसाचं कौतुक वाटलं नव्हतं. आता वाटलं, आणि तोंड कडू झालं.

"जा," ती म्हणाली.

धाकलूनं मिटल्या डोळ्यांनीच कपाळ जमिनीला टेकलं. तेजस्वीनं नारळ ठेवला, वाकून तिच्या पायांवर डोकं टेकलं आणि तिथनंच, तिला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाली, "आत्ती, भोरीच्या डाव्या थानाला चीर पडलीया. लोनी लावून धार काढा, न्हायतर लाथ मारंल."

मागून कुणीतरी चांगभलं म्हणालं, आणि रांग एक माणूस पुढं सरकली.